स्वतंत्र सदस्याचं मत

जपानमध्ये मोठा भूकंप झाला, त्यानंतर वर्षभर आमच्या घरात एकच विषय होता: पुण्याला परत जायचं की इथेच राहायचं. भाजी चिरताना तो निघायचा, जेवताना निघायचा, आणि मुलगी शेजारीच बसली आहे हे लक्षात आलं की आम्ही दोघं इंग्रजीत शिरायचो. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, हे आम्ही सोयीने विसरायचो.

राहायला आम्ही ग्योतोकुत होतो. नवऱ्याचं ऑफिस तोयोसुला, पाण्याकाठच्या एका उंच इमारतीत. मुलीची शाळा कोतोमध्ये, भारतीय मुलांची. माझी प्रयोगशाळा या दोघांच्या उलट दिशेला, दोन गाड्या बदलून. सकाळी स्टेशनवर आम्ही तिघं एकत्र पोचायचो आणि तिथून तीन दिशांना फुटायचो. भूकंपाच्या आधी यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या दुपारी मी प्रयोगशाळेत होते. गाड्या बंद पडल्या आणि मी तिथेच अडकले. नवरा तोयोसुहून चालत शाळेत गेला, मुलीला घेतलं, आणि मोठमोठ्या नद्यांवरचे पूल ओलांडत दोघं पायी घरी आले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. निम्मी वाट चालली, निम्मी बापाच्या खांद्यावर. एकाच वाटेने आलेली ही दोघं, पण दोन वेगळ्या गोष्टी मनात घेऊन आली. नवऱ्याच्या लक्षात राहिला तो हलणारा पूल, न लागणारा फोन, आणि आपल्या हातात काही म्हणजे काही नाही ही जाणीव. मुलीच्या लक्षात राहिल्या कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातल्या बाई, ज्यांनी दुकानातलं शौचालय येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना उघडं ठेवलं होतं; फुटपाथवरून मुकाट चालणारी माणसं, ज्यांच्यात कुणी कुणाला ढकललं नाही; आणि एक अनोळखी आजी, जिने स्वतःची लोकरी टोपी काढून हिच्या डोक्यावर घातली आणि नावही न विचारता निघून गेली. नवऱ्याच्या मते हा देश कधीही पायाखालून सरकेल. मुलीच्या मते याच्याइतकी भरवशाची जागा दुसरी नाही. दोघंही आपापल्या जागी खरे होते, आणि माझी गत इकडे आड तिकडे विहीर.

पुण्या-नाशकाकडच्या माणसांना असा काही पेच नव्हता. सासूबाई नाशकाहून रोज फोन करून रडायच्या. त्यांच्या शेजारणीच्या भाच्याने पाण्यात उतरलेल्या किरणोत्सर्गाबद्दल काहीतरी वाचलेलं असायचं, पालकाच्या भाजीबद्दल काहीतरी ऐकलेलं असायचं. चुलत, मावस, आते, सगळे मिळून उंटावरून शेळ्या हाकत होते. पाण्याच्या बाटल्यांसाठी सकाळी दुकानापुढे उभं राहायला यातलं कुणी येणार नव्हतं. मी चिडायचे, फोन ठेवला की तो राग नवऱ्यावर काढायचे, आणि तो शांतपणे म्हणायचा, "पण त्यांचं चुकतंय कुठे?" त्याच्या त्या शांतपणाचा तर मला जास्तच राग यायचा.

एकटे अण्णा, माझे वडील, कधी काही म्हणाले नाहीत. आई गेल्यापासून ते पुण्यात एकटेच राहत होते, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यानंतर आपल्या सोसायटीचे कायमचे सेक्रेटरी. भूकंपानंतर नवऱ्याने आम्हा दोघींना महिनाभर त्यांच्याकडे पाठवलं होतं. तेव्हाही त्यांनी राहा म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. नातीला रोज संध्याकाळी बागेत न्यायचे, तिच्याकडून जपानी अंक शिकायचे, पुन्हा पुन्हा चुकायचे. आम्ही परत निघालो तेव्हा रिक्षात बॅगा ठेवून दिल्या आणि म्हणाले, "पोचलात की कळवा." पुढे फोनवर हा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं: "तुमचं तुम्ही बघा. काळजी घ्या." मला त्याचं केवढं बरं वाटायचं. सगळ्या गोतावळ्यात हा एक माणूस डोकं ठिकाणावर ठेवून आहे, असं मी नवऱ्याला अभिमानाने सांगायचे.

मुलगी पाचवीत गेली आणि तिच्या वर्गावर त्रिनिदादच्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सावळ्या, केस बारीक कापलेले. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांमागे उत्तर हिंदुस्थानातून जहाजात बसून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले आणि तिकडचेच झाले. बाईंना हिंदीचं एक वाक्य येत नव्हतं, पण वडिलांच्या वडिलांना त्या 'आजा' म्हणायच्या आणि त्यांच्या बायकोला 'आजी', अगदी आपल्यासारखं. भूकंपानंतर शाळेतले बरेच शिक्षक आपापल्या देशी निघून गेले, या राहिल्या. का राहिलात, असं मी एकदा विचारलं. "जावं म्हटलं, पण नेमकं कुठल्या घरी, हे ठरेना," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

या बाईंनी वर्गाला प्रकल्प दिला: प्रत्येकाने एका देशाची संसद समजावून सांगायची. चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या लेकीला नेमका बाईंचाच देश आला. बाकीच्या मुलांनी जपान किंवा ब्रिटन आलं म्हणून सुटकेचा श्वास सोडला, ही मात्र रडवेली होऊन घरी आली. त्रिनिदाद नकाशात कुठे आहे इथपासून तयारी होती. पण दोन आठवड्यांत असं झालं की आमच्या घरात त्या बेटाच्या संसदेशिवाय दुसरं काही ऐकू येईना.

खालच्या सभागृहात एकेचाळीस सदस्य, सगळे निवडून आलेले. वरच्या सभागृहात एकतीस, आणि त्यातला एकही निवडून आलेला नाही. सोळा जण पंतप्रधानांच्या सांगण्यावरून नेमायचे, सहा विरोधी पक्षनेत्याच्या सांगण्यावरून. उरलेले नऊ राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या विचाराने नेमतात आणि त्यांना म्हणायचं स्वतंत्र सदस्य. पैशाचं विधेयक खालीच सुरू होतं. वरच्यांनी अडवलं तरी फार तर महिनाभर. ("हे तुझ्या आईला सांगू नकोस," मी नवऱ्याला म्हटलं.) साधं विधेयक वरच्यांनी फेटाळलं तर खालच्यांना ते पुढच्या अधिवेशनात पुन्हा आणावं लागतं. पण लोकांच्या मूळ हक्कांना हात लावायचा असेल, तर दोन्हीकडे तीन पंचमांश मतं लागतात. एकतिसांचे तीन पंचमांश म्हणजे एकोणीस. सरकारकडे असतात सोळा. म्हणजे हक्काचा प्रश्न आला की सरकारला आपल्या माणसांपलीकडे कुणाची तरी समजूत घालावीच लागते. हे सांगताना मुलीचे डोळे चमकायचे. आपल्या मनाविरुद्ध काही होऊ न देणारी अशी यंत्रणा जगात कुठेतरी आहे, याचाच तिला आनंद झाला असावा.

पालकसभेच्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "निवडून न आलेल्या माणसांना तुमच्याकडे एवढं महत्त्व कसं? आमच्याकडे तर मागच्या दाराने आले म्हणतात."

"आमच्याकडेही म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण आमचा देश लहान. कुणाचे पूर्वज कुठून आले त्यावरून तो मत कुणाला देणार याचा अंदाज बांधतात. सगळेच कुणाच्या तरी वतीने बोलत असतात. म्हणून निदान नऊ माणसं तरी अशी हवीत, की ती उभी राहिली की काय बोलतील ते आधी ठाऊक नसतं. डॉक्टर असतात, प्राध्यापक असतात, व्यापारी असतात. त्यांनी आपला फायदा बाजूला ठेवायचा आणि देशाचं बघायचं. नेहमी जमतं असं नाही."

मग खिडकीकडे हात करून म्हणाल्या, की आमचं संसद भवन लाल रंगाचं आहे, सुंदर आहे, पण त्याची दुरुस्ती चालू आहे. सध्या आमची संसद समुद्रकाठच्या एका उंच काचेच्या इमारतीत भरते, तुमच्या तोयोसुसारख्या. तुमच्या यजमानांच्या ऑफिसजवळून गेले की मला घरची आठवण येते.

त्याच महिन्यात नवऱ्याला पुण्याच्या ऑफिसात बदलीची संधी आली. आठवड्याभरात हो किंवा नाही कळवायचं होतं. आता नुसत्या चर्चेचे दिवस संपले. पुण्यात माझं काम होणार नव्हतं. ज्या पेशींवर मी काम करत होते त्यासाठी लागणारी यंत्रं आणि माणसं इथेच होती, आणि माझी जागा वर्षावर्षाच्या कराराची, सोडली की सुटली. पण नवरा झोपेत दचकून उठत होता. फोनमधला भूकंपाचा इशारा वाजला की त्याचा चेहरा पांढरा पडायचा. त्याला आणखी ताणायचं कसं? मी भात परतत हे सगळं मनात घोळवत होते आणि तो मुलीला समजावत होता, की पुण्यातही चांगल्या शाळा आहेत.

"म्हणजे ठरलं?" ती म्हणाली. "झुरुई!"

लबाडीला जपानी मुलं 'झुरुई' म्हणतात. खेळात कुणी चिडी खाल्ली की म्हणतात, आईबापांनी चिडी खाल्ली तरी म्हणतात.

"मला इथून काढणं हे हक्काचं बिल आहे," ती म्हणाली. "दोन्ही हाउसमध्ये पास व्हायला पाहिजे. थ्री-फिफ्थ्सने."

"आपण घरात तीन माणसं," नवरा म्हणाला. "तीन पंचमांश काढायचे तर एक माणूस चिरावा लागेल."

"मग साधं बहुमत. पण दोन्ही हाउस."

मला वाटलं नवरा उडवून लावेल. पण तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ठीक आहे. दोन्ही सभागृहांनी पास केलं तर जायचं, नाही केलं तर नाही. मी शब्द देतो." तोही वर्षभर एकट्याने ओझं वाहून थकला होता. कुणीतरी, कुठल्यातरी नियमाने, एकदाचा निकाल द्यावा असं त्याला झालं होतं, आणि मलाही.

रचना तिनेच केली. खालच्या सभागृहात आम्ही तिघं, कारण भूकंप आमच्या पायाखाली होतात. बाबा पंतप्रधान, ती विरोधी पक्षनेता, मी सभापती. सभापतीने मत द्यायचं नाही, समसमान झाली तरच द्यायचं. वरच्या सभागृहात भारतातली तीन माणसं. बाबांनी सासूबाईंना नेमलं, यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. तिने आपल्या मावशीला नेमलं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला. ती बंगळूरला असायची, पण त्या आठवड्यात अण्णांकडे आली होती. राहिला स्वतंत्र सदस्य.

"आजोबा," मुलगी म्हणाली.

"अगदी बरोबर," नवरा म्हणाला.

मीही मान डोलावली. आम्हा तिघांचं एकमत झालेली ही त्या वर्षातली पहिलीच गोष्ट असेल. वर्षभर ज्याने एका शब्दानेही या म्हटलं नाही की राहा म्हटलं नाही, तो माणूस कुणाच्याच बाजूचा नाही, हे आम्हाला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

अण्णांना तिने स्काइपवरून नेमणुकीची बातमी दिली. मला वाटलं होतं ते हसतील. पण ज्या माणसाने सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीच्या प्रश्नावरही गणसंख्या मोजल्याशिवाय तोंड उघडलं नव्हतं, तो कसला हसतोय? त्यांनी चष्मा लावला आणि कामाची पद्धत विचारून घेतली. आधी कोण बोलणार, दुरुस्ती सुचवता येते का, मत आवाजी की हात वर करून.

"आणि स्वतंत्र सदस्याने नेमकं काय करायचं असतं?"

"त्याने कुणाचीच साइड घ्यायची नाही," ती म्हणाली. "मिस म्हणाल्या, सगळ्यांचं ऐकायचं आणि सगळ्यांसाठी काय बरं ते बघायचं."

"आणि त्यात त्याचं स्वतःचंच काही असेल तर?"

"ते बाजूला ठेवायचं."

"बरं," अण्णा म्हणाले.

रविवारी सकाळी सभा भरली. संसदेत टेबलावर राजदंड ठेवल्याशिवाय कामकाज सुरू होत नाही, म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलावर लाटणं ठेवलं होतं. लॅपटॉपवर अण्णा आणि बहीण दिसत होते. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सासूबाई फोनवर होत्या, स्पीकर लावून लाटण्याशेजारी ठेवलेल्या. आधी खालच्या सभागृहाचं कामकाज, तेव्हा वरच्यांनी नुसतं ऐकायचं, असं मुलीने बजावलं होतं. सासूबाईंना ते दोनदा सांगावं लागलं.

नवरा बोलायला उभा राहिला तेव्हा मला हसू येत होतं. पण पहिल्याच वाक्याला ते गेलं. "मी त्या दिवशी शाळेकडे निघालो," तो म्हणाला, "तेव्हा तू जिवंत आहेस की नाही हे मला माहीत नव्हतं. सगळी वाट मला ते माहीत नव्हतं. मला ती वाट पुन्हा चालायची नाही." एवढंच बोलून तो बसला. वर्षभरात हे तो मला कधी बोलला नव्हता.

मुलगी खुर्चीवर उभी राहिली. "बाबा, मी शाळेतच होते ना. टेबलाखाली. मिसने सगळ्यांना मोजलं होतं." मग तिने तिचं म्हणणं मांडलं, थोडं मराठीत, थोडं इंग्रजीत, आणि अडलं की जपानीत. मैत्रिणी इथे आहेत. पुण्यात मी बोलले की मुलं हसतात. तिथे मला रस्तासुद्धा एकटीला ओलांडता येत नाही, इथे मी एकटी ट्रेनने जाते. आणि शेवटी: "मी इथली नाही असं सगळे म्हणतात. मी तिथली पण नाही. पण इथे मला माहितेय काय करायचं ते."

एक विरुद्ध एक. सगळे माझ्याकडे बघायला लागले. समसमान झालं तर सभापतीने चर्चा पुढे चालू राहील असं मत द्यावं, ही तिकडची जुनी रीत, मुलीनेच मला शिकवलेली. तिचा आधार घेऊन मी विधेयक वर पाठवलं. मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर वळवून लॅपटॉप नीट केला.

वरच्या सभागृहात सासूबाईंनी आधी बोलून घेतलं. "ते बिलबिल मला काही कळत नाही. पोर घेऊन इकडे या. मला रात्र रात्र डोळा लागत नाही." मग बहीण म्हणाली, "आम्हाला लहानपणी कुणी कधी काही विचारलं नाही. हिला विचारलंय, तर आता तिचं ऐका." पुन्हा एक विरुद्ध एक.

अण्णांनी घसा साफ केला आणि आधी प्रश्न विचारले. जावयाला विचारलं, "इथे पुण्यात तुमचं काम आताच्याच दर्जाचं असेल?" नवरा म्हणाला, थोडं खालचं. मला विचारलं, "तुझं तिथलं काम अर्धवट सोडलं तर दुसरं कुणी पुरं करेल?" मी म्हटलं, नाही. मुलीला विचारलं, "भूकंपाची भीती वाटते का?" ती म्हणाली, "वाटते. पण दाइजोबु." चालेल, निभेल, या अर्थाचा तो शब्द त्यांना त्या महिन्यापासून ठाऊक होता. त्यांनी मान हलवली.

"जावईबापू, तुमची भीती खरी आहे," ते म्हणाले. "पण ती पुण्यातही तुमच्याबरोबर येईल. तिच्यावर उपाय करा, गाव बदलून ती जायची नाही. माझ्या मुलीचं काम इथे होणार नाही. नातीला इथे पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. सगळं बघता माझं मत विधेयकाच्या विरोधात आहे."

आणि त्यांनी हात वर केला, एकटेच, पडद्यावर, कोपर टेबलाला टेकवून.

"यात्ता!" मुलीने खुर्चीवरून उडी मारली. जिंकली होती ती. नवऱ्याने मोठा श्वास सोडला; मला वाटलं होतं तो खचेल, पण त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसत होती. मी अण्णांना काहीतरी म्हणणार, इतक्यात मुलगी थबकली.

"चोत्तो मात्ते," ती म्हणाली. जरा थांबा. ती लॅपटॉपच्या अगदी जवळ गेली. "आजोबा, बाबांच्या साइडने आजी बोलली. माझ्या साइडने मावशी. तुमच्या साइडने कोण बोललं?"

"मला साइड नव्हती, बाळा. तू मला स्वतंत्र नेमलंस ना?"

"पण तुमची साइड आहे."

"ती बाजूला ठेवायची असते. तूच सांगितलंस."

ती लॅपटॉपपासून मागे सरकली. मग पुन्हा खुर्चीवर चढली, आणि या वेळी सगळं मराठीत बोलली. अडखळत बोलली, पण एक जपानी शब्द येऊ दिला नाही.

"आजोबांच्या घरी लिफ्टचा आवाज येतो. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली की आजोबा टीव्ही बंद करतात. आणि दार उघडतात. बाहेर शेजारचे काका असतात. आजोबा त्यांना म्हणतात, पेपर आला का बघत होतो. पण पेपर सकाळीच आलेला असतो. मी तिकडे होते तेव्हा बघितलं. रोज बघितलं. आजोबा एकटे आहेत, म्हणून आपण जायला पाहिजे. हे आजोबांच्या साइडचं."

एवढं बोलून ती खाली बसली आणि रडायला लागली. तिला जायचं नव्हतं.

तो महिनाभर मीही त्याच घरात होते. मला लिफ्टचा आवाज कधी ऐकू आला नव्हता.

पडद्यावर अण्णा उठले आणि बाजूला गेले. रिकामी खुर्ची दिसत राहिली, आणि तिच्या शेजारी तोंडावर ओढणी धरून बसलेली माझी बहीण. फोनमधून सासूबाई विचारत होत्या, "काय झालं? कुणी बोलत का नाही?" त्यांना उत्तर द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग अण्णा परत आले. चष्मा हातात होता, तोंड धुतलेलं होतं, शर्टाची कॉलर ओली झाली होती.

"ती म्हणते ते खरं आहे," ते म्हणाले. "तुम्ही यावं असं मला वाटतं. रोज वाटतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पण मत देऊन झालंय. ते आता बदलत नाही."

नवरा म्हणाला, "अण्णा, हा खेळ होता हो. आपण परत घेऊ."

"तुमच्यासाठी असेल," अण्णा म्हणाले. "तिने मला नेमलं होतं. तुम्ही शब्द दिला होता. तो पाळा."

मी चाळिशीला आले होते. माझ्या वडिलांच्या तोंडून 'मला वाटतं' असं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. त्यांना काही नको असतं, असं आम्ही दोघी बहिणींनी केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि त्यांनीही आम्हाला ते ठरवू दिलं होतं.

सोमवारी नवऱ्याने ऑफिसात नकार कळवला. प्रकल्पाच्या दिवशी मुलीने वर्गासमोर खालचं सभागृह, वरचं सभागृह सगळं व्यवस्थित सांगितलं, पण स्वतंत्र सदस्यांपाशी आली आणि गप्प झाली. बाईंनी तिला पुढे बोलायला लावलं नाही. घरी येताना मी विचारलं तर म्हणाली, "त्या नऊ जणांना घरी कोण विचारतं, हे लिहिलेलं नाही कुठेच."

आम्ही ग्योतोकुत राहिलो. त्या रविवारनंतर ती रोज झोपायच्या आधी आजोबांना फोन लावायची. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची, माणसं कामावरून घरी परतण्याची वेळ. बोलायला दर वेळी काही असायचंच असं नाही. फोन तसाच चालू ठेवून ती अंथरुणात पडून राहायची, आणि त्यांच्या टीव्हीचा आवाज बंद झाला की म्हणायची, "आजोबा, उठू नका. मी इकडे आहे." ते "हो हो" म्हणायचे. तरी पलीकडून पुष्कळदा दाराची कडी काढल्याचा आवाज यायचा.